सोपा फोर-बाय-फोर जंगलरस्ता, शेवटी नदी: तयारी किती करायची?

पाऊलवाट

जंगलातून जाणारा ३८ किलोमीटरचा कच्चा रस्ता करायचा आहे. वर्गवारीत 'सोपा' अशी नोंद आहे. मोठे चढ नाहीत, दोन-तीन ठिकाणी चिखल, बाकी माती आणि मुरूम. शेवटी मात्र नदी आहे. पूल नाही, फरशीही नाही. गोट्यांच्या पात्रातून गाड्या जातात आणि मुक्कामाची जागा पलीकडे आहे. एरवी पाणी गुडघ्याच्या खाली असतं असं लिहिलेलं आहे.

गाडी डिझेल, मॅन्युअल गिअर, लॅडर फ्रेम, पार्ट-टाइम फोर-व्हील आणि लो रेंज (वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर). मागे सॉलिड अ‍ॅक्सल, टायर ऑल-टेरेन. बाकी सगळं कंपनीतून आलं तसंच. स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारा उंच पाइप) नाही, विंच (गाडी ओढायचा रहाट) नाही. वाटेत मोबाइलला रेंज नाही. बहुधा एकच गाडी असेल, दुसरी मिळाली तर मिळाली.

जंगलातल्या भागासाठी टायरात हवा किती ठेवायची? नदीसाठी स्नॉर्कल बसवून घ्यावा का? आणि पाणी 'जाण्यासारखं' आहे की नाही हे काठावर उभं राहून नक्की ठरवायचं कसं?

लो-रेंज

नदीचं इतर लोक सांगतीलच, आधी रस्त्याचं बोलतो. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करा: 'सोपा' हा शेरा कोरड्या दिवसातल्या रस्त्याला दिलेला असतो, नदीला नाही. रस्ता वर्षभर बहुतेक तसाच राहतो, नदी सकाळ-संध्याकाळ बदलते.

डांबर संपलं की पहिलं काम हवा कमी करणं. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय ठेवत असाल तर मुरूम आणि दगडगोट्यांसाठी २४ ते २६ पुरे. टायर जमिनीला जास्त लांबीवर टेकतो, दगडावर उडण्याऐवजी त्याच्यावर दबतो, आणि पंक्चरही कमी होतात. चिखलात खरोखर अडकायला लागलात तरच १८ ते २० वर या. १५ च्या खाली वळणावर टायरची कड रिमवरून सुटायची भीती असते, आणि या रस्त्याला तितकं उतरायची गरजच नाही. हवा कमी असताना वेग ४० च्या आत ठेवा. परत डांबरावर येताच हवा भरा, नाहीतर टायरच्या भिंती तापून आतून फाटतात. कॉम्प्रेसर थोडा मोठा असेल तर त्याच्या वायरी थेट बॅटरीला लावा आणि इंजिन चालू ठेवा. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, तो तिसऱ्या टायरला उडतो.

फोर-हाय (चारही चाकांना जोर, गिअर नेहमीच्या वेगाचे) माती सुरू होतानाच लावून टाका, घसरायला लागल्यावर नाही. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो, म्हणून कोरड्या डांबरावर मात्र फोर-व्हीलमध्ये वळू नका. ट्रान्समिशन ताण धरते आणि मग लिव्हर निघत नाही. लो रेंज लावताना गाडी थांबवून क्लच पूर्ण दाबा. लिव्हर अडलाच तर जोर न करता गाडी वीतभर पुढे-मागे होऊ द्या, दाते जुळले की आपोआप बसतो.

निसरड्या मातीच्या उतारावर लो रेंज, फर्स्ट किंवा सेकंड, आणि क्लचवर पाय ठेवायचाच नाही. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते. ब्रेकने चाकं बांधली गेली तर गाडी घसरगुंडी करते. मागचा भाग आडवा यायला लागला तर हात न झटकता थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, चाकं फिरायला लागली की स्टिअरिंग पुन्हा ऐकतं. अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंतवू नका. दगडावर चाक आपटून स्टिअरिंग फिरलं तर अंगठा मोडतो.

चाकोरी खोल असेल तर तिच्यात उतरू नका. एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेला ठेवून जा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा मातीत रुतत नाही. पण नवी वाट पाडायला झाडीत शिरू नका. दोन गाड्यांनी बाजूने वाट काढली की पुढच्या पावसात तिथेही चाकोरी होते आणि रस्ता रुंद होत जातो. चिखल ताजा असेल, चाकांमागे बोटभर माती उचलली जात असेल, तर तो दिवस सोडून द्या.

करवत घ्या. आडवं पडलेलं झाड कापताना ताण कुठे आहे ते आधी बघा. दोन्ही टोकांना टेकलेला, मध्ये लोंबकळणारा ओंडका वरून दाबात असतो आणि खालून ताणात. आधी वरून एक तृतीयांश कापायचं, मग खालून पूर्ण करायचं. एकाच टोकाला धरलेली फांदी असेल तर नेमकं उलट, आधी खालून. क्रम चुकला की करवत चिमटली जाते, नाहीतर लाकूड फाटून अंगावर येतं.

वेग ताशी १२ ते १५ किमीच धरा, म्हणजे ३८ किमीला तीन तास. लो रेंजमध्ये डिझेल रस्त्याच्या दुप्पटही जातं. जाण्यायेण्याचं अंतर रस्त्याच्या सरासरीने मोजून ते दुप्पट करा आणि वर थोडं राखीव ठेवा.

काठावरून

नदीचा निर्णय तीन आकड्यांवर घ्या: खोली, वेग, आणि तुमच्या गाडीची वेडिंग डेप्थ, म्हणजे ती किती खोल पाण्यातून जाऊ शकते ती मर्यादा. तिसरा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, इंटरनेटवरच्या फोटोत नाही. गाडीगणिक तो फार बदलतो. सुझुकी जिम्नीसाठी कंपनी ३०० मिलिमीटर सांगते, तर एअर सस्पेन्शन उंच केलेल्या नव्या डिफेंडरसाठी ९००. शिवाय हा आकडा संथ पाण्याचा आणि सावकाश वेगाचा असतो, वाहत्या पाण्याचा नाही.

खोली मोजायला घरूनच काठी तयार करून न्या. गाडी सपाट जागी उभी करा, काठी बाजूला धरून त्यावर तीन खुणा करा: चाकाचा मध्य, दरवाज्याचा खालचा उंबरा, आणि इंजिनात हवा घेणाऱ्या नळीचं तोंड. हे तोंड कुठे आहे ते बॉनेट उघडून शोधा. बऱ्याच गाड्यांत ते हेडलाइटच्या मागे असतं. नदीत काठी टेकवली की कोणत्या खुणेपर्यंत पाणी येतंय ते लगेच दिसतं. चाकाच्या मध्यापर्यंतचं संथ पाणी तुमच्या गाडीला चालतं. उंबऱ्यापर्यंत आलं तर विचार करावा. त्याच्यावर असेल तर एकट्या गाडीने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेग मोजणं सोपं आहे. काठाने १० मीटर पावलांनी मोजा, वाळकी काटकी टाका, सेकंद मोजा. १० सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर. ऑस्ट्रेलियातल्या पूर-सुरक्षेच्या निकषांत मोठ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीसाठी (वजन २ टनांहून जास्त, लांबी साडेचार मीटरहून जास्त) संथ पाण्यात कमाल खोली अर्धा मीटर, आणि खोली गुणिले वेग ०.६ च्या आत अशी मर्यादा आहे. म्हणजे काटकी ५ सेकंदांत गेली, वेग २ मीटर झाला, की तीच गाडी ३० सेंटिमीटर पाण्यातच मर्यादेवर येते. लहान गाडीला संथ पाण्यातही ३० सेंटिमीटर आणि गुणाकार ०.३. गुडघ्याखालचं पाणी म्हणून निर्धास्त राहू नका, वेग मोजल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

इतकं कमी का, तर तरंगण्यामुळे. गाडीचा तळ सुमारे तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरला तर साडेचार चौरस मीटर झाला. तळाच्या वर पाणी दर १० सेंटिमीटर चढलं की गाडी ४५० किलोने हलकी होते, निदान आत पाणी शिरेपर्यंत. २० सेंटिमीटरला ९०० किलो गेले. दोन टनांच्या गाडीच्या चाकांवर जेमतेम निम्मं वजन उरलं आणि प्रवाह तर बाजूने ढकलतोच आहे. पुढे इंजिन असल्यामुळे आधी मागचा भाग उचलला जातो आणि खालच्या अंगाला फिरतो.

मग पायी जा, मगरींचं पाणी नसेल तर. पाठपिशवीचा पट्टा सोडा, काठी वरच्या अंगाला टेकवत चला, आणि दोन्ही चाकांच्या ओळी वेगवेगळ्या चालून बघा. एकाच रेषेत चालून परत येणं पुरेसं नाही, दुसऱ्या चाकाखाली खड्डा असू शकतो. पायाखाली काय लागतंय ते महत्त्वाचं: मुठीएवढे घट्ट बसलेले गोटे उत्तम, शेवाळलेली सपाट शिळा वाईट, पाय पोटरीपर्यंत रुतवणारी बारीक वाळू सगळ्यात वाईट. चालताना तोल सांभाळायला जागोजागी थांबावं लागत असेल तर गाडीही घालू नका.

पाणी वाचायलाही शिका. खळाळ दिसतो तिथे बहुधा उथळ असतं. गडद आणि शांत पृष्ठभाग म्हणजे डोह. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खोल कापतं, आतल्या काठाला गोटे साचतात. पृष्ठभागावर वरच्या अंगाला टोक असलेला बाण दिसला तर त्या टोकाशी बुडालेला दगड आहे. टोक खालच्या अंगाला असेल तर दोन दगडांमधून मोकळी धार जाते आहे.

पाना-पक्कड

स्नॉर्कलबद्दल: या नदीसाठी नको. स्नॉर्कल इंजिनाच्या श्वासाची उंची वाढवतो, गाडीची नाही. गाडी तरंगायची ती तरंगतेच. शिवाय नुसता पाइप बसवून भागत नाही. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाणी निघून जायला एक रबरी झडप असते, ती आणि सगळे सांधे बंद केले नाहीत तर पाणी तिथूनच आत येतं. धुळीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत स्नॉर्कल कामाचा, पण तो वेगळा विषय.

त्याऐवजी ब्रीदर बघा. पुढचा डिफ (डिफरन्शियल), मागचा डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा), या चारही ठिकाणी हवा आत-बाहेर व्हायला वाट असते. मागच्या अ‍ॅक्सलवर ती बहुधा छोट्या टोपीची असते आणि चिखलाने जाम होते. तीन तास चालून आलेला डिफ गरम असतो. तो थेट गार पाण्यात घातला की आतली हवा आक्रसते. ८० अंशांवरून १५ अंशांवर आली तर आकारमान जवळपास १८ टक्क्यांनी घटतं. ती जागा भरायला ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून, नाहीतर अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं. उपाय स्वस्त आहे: तेलाला टिकणारी नळी घालून ब्रीदर बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या. नळीत कुठे खोलगट झोळ राहू देऊ नका, तिथे पाणी साचून वाट बंद होते. सॉलिड अ‍ॅक्सलवर मात्र चाक पूर्ण खाली लोंबेल तेव्हा ताण येणार नाही इतकी सैल ठेवा.

आणि काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबा. नाहीतरी पायी चालून बघायचंच आहे, तेवढ्यात डिफ आणि ब्रेक गार होतात.

पाण्यात शिरण्याआधी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा बंद करा, मध्येच इंजिन बंद पडलेलं परवडत नाही. ए.सी.ही बंद करा, म्हणजे पुढचा पंखा विनाकारण चालू होणार नाही. पट्ट्यावरचा पंखा पाण्यात आपटला की पाती पुढे वाकून रेडिएटर फाडतात. पाणी बंपरपर्यंत येणार असेल तर ग्रिलसमोर ताडपत्री बांधतात. ती गाडी पुढे जात असेपर्यंतच उपयोगाची, थांबलात की पाणी मागून भरतंच. पलीकडे गेल्यावर आधी ती सोडा, नाहीतर इंजिन तापेल.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर एकच प्रश्न विचारायचा: पाणी हवेच्या तोंडापर्यंत गेलं होतं का? नुसतं गिअरमध्ये दम तुटून बंद पडलं असेल तर लगेच पुन्हा चालू करा, सायलेन्सर पाण्याखाली असला तरी. पण झटक्यात बंद पडलं असेल आणि पाणी वर आलं असेल तर किल्लीला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही, स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात. गाडी न्यूट्रलमध्ये ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा. ओला असेल तर डिझेलमध्ये ग्लो प्लग काढून इंजिन आधी हाताने पान्याने फिरवायचं. धक्का देऊन चालू करायचा विचारही करू नका.

पाऊलवाट

खूप कामाचं मिळालं, आभारी आहे. ब्रीदरचं काम करून घेतो. आणखी दोन शंका. नदीत प्रवाहाच्या बाजूने तिरकं जायचं की प्रवाहाकडे तोंड करून? आणि एकच गाडी असेल तर अडकलेली गाडी ओढायचा पट्टा, शॅकल (तो जोडायची लोखंडी कडी) वगैरे घेऊन काय उपयोग?

चाकोरी

दिशेबद्दल लोकांची दोन मतं आहेत. प्रवाहाकडे थोडं तोंड केलं की बॉनेटमागे पाण्याची पोकळी चांगली धरली जाते, हे खरं. पण जोर जास्त लागतो आणि चाक अडलं तर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. नदीतल्या सोप्या, मळलेल्या वाटेवर मी खालच्या अंगाला किंचित तिरकं जाणंच पसंत करेन. प्रवाह मदत करतो आणि पलीकडे बाहेर पडायची जागा थोडी खाली असेल तर रेषा आपोआप जुळते. जिथे पलीकडचा काठ उभा कापलेला आहे तिथे हा प्रश्नच गैरलागू, तिथे जाऊच नये. बाहेर पडायची जागा आधी बघा, मगच शिरायची.

गिअर लो रेंज सेकंड. फर्स्टमध्ये चाकांना जोर इतका मिळतो की गोट्यांवर ती खरवडून खड्डा करतात. पात्र मोठ्या दगडांचं असेल तर मात्र फर्स्ट. पाण्यात हळू शिरायचं, मग चालण्याच्या वेगाने, ताशी ५ ते ७ किमी, एकसारखं जायचं. बंपरपुढे एक बुटकी लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनाजवळ पाण्याची पातळी खाली राहते. वेग वाढवला तर लाट बॉनेटवर चढते. एकदम सोडला तर लाट परत येऊन ग्रिलमधून आत जाते. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, नाहीतर क्लच प्लेटमध्ये पाणी आणि रेती जाते आणि ऐनवेळी ती घसरते. काचा पूर्ण खाली. सीट बेल्ट पाण्याच्या कडेलाच काढा. नजर पाण्यावर न ठेवता पलीकडच्या एका झाडावर ठेवा. वाहत्या पाण्याकडे पाहिलं की गाडी सरळ असूनही हात नकळत एका बाजूला वळतात.

गाडी अडली तर चाकं भिरभिर फिरवू नका, गोट्यांत ती सेकंदांत अ‍ॅक्सलपर्यंत उतरतात. लगेच रिव्हर्स, आलेल्या वाटेने मागे.

आता परतीचं. पलीकडे मुक्काम आहे म्हणजे नदी दोनदा ओलांडायची आहे, आणि दुसऱ्या वेळची नदी तुम्ही अजून पाहिलेली नाही. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला काठी रोवा, तासाभराने बघा. पाणी गढूळ होणं, पानं-काटक्या वाहत येणं, आवाज बदलणं ही वर पाऊस झाल्याची चिन्हं. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी. बर्फ वितळून येणारी नदी असेल तर पहाटे पाणी सगळ्यात कमी आणि दुपारनंतर चढतं, म्हणून सकाळीच ओलांडा. पात्रातल्या वाळूवर तंबू ठोकू नका. पाणी चढलं तर उतरेपर्यंत थांबता येईल इतकं, निदान दोन दिवसांचं जादा अन्न-पाणी गाडीत हवं. परत कधी येणार हे कोणाला तरी लिहून द्या. रेंज नाही म्हणता, तर सॅटेलाइट मेसेंजर किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन घ्या. स्नॉर्कलच्या पैशांत तो येतो आणि जास्त उपयोगी पडतो.

लो-रेंज

पट्ट्याबद्दल: एकट्या गाडीलाही उपयोग आहे, कारण मागून दुसरी कोणी आली तर तिच्याकडे सामान असेलच असं नाही. पण बांधायचा आधी, पाण्यात शिरण्यापूर्वीच. मागच्या रिकव्हरी पॉइंटला (गाडी ओढण्यासाठीच असलेला मजबूत हूक) अडकवून दुसरं टोक गुंडाळून खिडकीतून हाताशी ठेवा. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात बंपरखाली हूक चाचपडणं हे सगळ्यात धोक्याचं काम. पट्ट्याची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट हवी. १९ मिलिमीटरचं बो शॅकल, ज्यावर ४.७५ टन कोरलेलं असतं, ते या गाडीला पुरतं. पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताण पडल्यावर ती उघडत नाही. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका. तो तुटून सुटला की तोफगोळा होतो, त्याने माणसं मेलेली आहेत. तसंच कंपनीने गाडी ट्रकवर बांधायला दिलेले पातळ हूक हे रिकव्हरी पॉइंट नव्हेत.

पाना-पक्कड

पलीकडे पोचल्यावरचं राहिलं होतं. काठावरच क्षणभर थांबून पाणी गळू द्या. चढणीवर गळत गेलात तर मागच्याला तोच चढ निसरडा होतो. मग डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून शंभरेक मीटर चाला, पकड परत येते. मागे ड्रम ब्रेक असतील तर रेती आत राहते, घरी ड्रम काढून धुवा. नंबर प्लेट जागेवर आहे का बघा, लाटेत ती हमखास निघते. सुक्या गवतातून गेला असाल तर सायलेन्सर आणि गिअरबॉक्सच्या वर अडकलेलं गवत हाताने काढा. सायलेन्सरच्या वाटेतल्या काजळीच्या फिल्टरची (डीपीएफ) आपोआप होणारी सफाई चालू असताना सुमारे ६०० अंश तापमान होतं, तेव्हा गवतावर गाडी उभी करणं म्हणजे आग लावणं.

तेल तपासायची पद्धत: गाडी रात्रभर उभी ठेवा, पाणी तेलाखाली बसतं. सकाळी गाडी हलवायच्या आत डिफचा खालचा ड्रेन प्लग थोडाच सैल करा. आधी पाण्याचे थेंब आले, किंवा तेल दुधाळ दिसलं, तर ते चालवू नका, बदलून टाका. जंगलात हे जमणार नसेल तर वरचा फिलर प्लग काढून बोट घालून रंग बघितला तरी अंदाज येतो. प्लग सैल करताना खाली भांडं धरा, पात्राच्या काठावर तेलाचा थेंबही सांडू नये. फिलर प्लग मात्र नेहमी ड्रेन प्लगच्या आधी सैल करून बघा. तो गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून बसलात, तर नवं भरायला वाट राहत नाही. शाफ्टच्या क्रॉस जॉइंटना ग्रीस निपल असतील तर त्याच दिवशी ग्रीस मारा, जुनं पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत.